बिडी वळणाऱ्या हातांचीही तपासणी व्हावी

कोरडं पान वळत नाही, तडकतं. म्हणून तेंदूपत्त्याचे पुडे आदल्या संध्याकाळीच पाण्यात बुडवायचे, निथळायचे आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यात एका मावशींच्या ओसरीवर बसून मी हे काम पाहिलं. सकाळची भांडीकुंडी आवरून त्या बसल्या, तेव्हा रात्रभर मुरलेलं पान बोटांना सहज वाकत होतं. पत्र्याचा आयताकृती साचा पानावर ठेवायचा, कडेने कात्री फिरवायची, जाड शीर वगळायची. कापलेल्या पानांची चळत ओल्या फडक्याखाली गेली आणि मांडीवर सूप आलं. सुपात एका बाजूला पानं, दुसऱ्या बाजूला तंबाखूचा चुरा.

पुढचं काम नजरेला पकडता येत नाही. डाव्या हातात पान, उजव्या हाताच्या बोटांनी चिमूटभर तंबाखू त्यावर पसरायची. एका बिडीत ती साधारण 0.2 ग्रॅम भरते. दोन्ही अंगठ्यांनी पान एका कोपऱ्यापासून वळत न्यायचं, रुंद तोंडाच्या कडा आत दुमडायच्या, निमुळत्या टोकाकडे दोऱ्याचे वेढे द्यायचे. मावशींची मान सुपावर झुकलेली, पाठ वाकलेली, पाय आखडलेले. सूप हलवलं की बारीक धूळ उठते आणि ती सरळ नाकातोंडाशी येते. मला ठसका लागला. मावशींना काहीच झालं नाही.

"मी तं एक बी बिडी ओढली नाही भाऊ," त्या म्हणाल्या, "पण झोपतानीही हाताले वास येते."

या एका वाक्यात सार्वजनिक आरोग्याचा मोठा प्रश्न आहे. निकोटीन फक्त धुरातून शरीरात जात नाही, ते कातडीतूनही आत शिरतं, आणि कातडी ओली असली की अधिक सहज शिरतं. बिडी वळणारीचे हात तर दिवसभर ओल्या पानावर आणि कोरड्या तंबाखूवर फिरत असतात. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात बिडी वळणाऱ्या स्त्रिया आणि बिडीच्या तंबाखूवर प्रक्रिया करणारे मजूर यांचा अभ्यास केला. शरीरात निकोटीन शिरल्याची खूण म्हणजे कोटिनीन. ते या कामगारांच्या लघवीत सापडलं आणि पेशींत जनुकीय इजेची चिन्हंही दिसली. हे संशोधन होऊन तीन दशकं उलटली, तरी गावातल्या ओसरीवर त्याचा परिणाम दिसत नाही. हातमोजा घातला तर पान वळत नाही, नाकाला फडकं बांधलं तर उन्हाळ्यात जीव गुदमरतो. मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने मिळते, आणि त्यातलाही काही माल कारखान्याच्या तपासणीत 'छाट' म्हणून बाद होतो. अशा कामात उठून हात धुवायला वेळ काढणं म्हणजे पैसे गमावणं.

हे काम गोंदियात रुजलं त्याला कारण जंगल. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूच्या झुडपांची बेलकटाई, म्हणजे छाटणी, होते आणि एप्रिल-मे महिन्यांत कोवळी पानं येतात. पहाट होण्याआधी बायामाणसं जंगलात शिरतात. तोडलेल्या पानांचे सत्तर-सत्तरचे पुडे बांधून संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून देतात. नागझिरा-नवेगावच्या आसपास ही तोडणी वाघ-अस्वलांच्या वावरात होते. वनहक्क कायदा 2006 मध्ये आला, आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या काही ग्रामसभा पानांची विक्री स्वतः करू लागल्या. गोंदियाच्या सार्वजनिक जीवनातही बिडीचा पैसा खोलवर मुरला आहे. बिडी उद्योजक मनोहरभाई पटेल यांनी 1958 मध्ये गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या शाळा-कॉलेजांत या भागातल्या पिढ्या शिकल्या. म्हणून बिडीबद्दल इथे बोलायचं तर पोट आणि फुप्फुस या दोन्हींबद्दल बोलावं लागतं.

ओढणाऱ्याचं नुकसान आता वादाचा विषय राहिलेला नाही. बिडीचं पान सहज जळत नाही. ती विझू नये म्हणून वरचेवर आणि खोल झुरके घ्यावे लागतात, आणि कार्बन मोनॉक्साईड भरपूर आत जातो. बिडी ओढणाऱ्याला तोंडाच्या कर्करोगाचा धोका न ओढणाऱ्याच्या सुमारे तिप्पट असतो. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात देशातले 7.7 टक्के प्रौढ बिडी ओढणारे निघाले. सिगारेटपेक्षा बिडीचंच प्रमाण मोठं होतं.

शहरात मात्र चर्चा हुक्क्याची होते, आणि ती व्हायलाही हवी. पाण्यातून आलेला धूर निर्धोक होतो, हा समज जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्येच खोडून काढला. डिसेंबर 2017 मध्ये मुंबईत कमला मिल्सच्या आवारातल्या पबला आग लागली, हुक्क्याच्या निखाऱ्यांमुळे ती भडकल्याचं तपासात पुढे आलं, आणि 2018 मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी आणली. बिडी वळणारीच्या आजारपणावर अशी घाई कोणी केल्याचं दिसत नाही.

धोक्याच्या चित्राचंच पाहा. 1 एप्रिल 2016 पासून तंबाखूच्या पाकिटाचा 85 टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असावा, असा नियम आहे. बिडीच्या बंडलालाही तो लागू आहे. पण मावशींकडे तंबाखू येते ती ठेकेदाराच्या पिशवीतून, सुटी, वजन करून. त्या पिशवीवर काहीच छापलेलं नसतं. इशारा छापला जातो तो त्यांच्या हातून माल गेल्यावर.

देशात सरकारी नोंदीनुसार सुमारे 50 लाख बिडी कामगार आहेत, त्यांतल्या बहुसंख्य स्त्रिया, घरी बसून काम करणाऱ्या. 1976 च्या कायद्यांनी बिडीवर उपकर बसवून कल्याण निधी उभा केला. त्यातून दवाखाने चालले, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. जीएसटी लागू झाल्यावर 2017 मध्ये तो उपकर बंद झाला. भारताने 2004 मध्ये मान्य केलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण कराराचं कलम 17 तंबाखू कामगारांना पर्यायी रोजगार देण्याबद्दल आहे आणि कलम 18 त्यांच्या आरोग्याच्या रक्षणाबद्दल. पाकिटावरच्या इशाऱ्यांची अंमलबजावणी आपण केली. या दोन कलमांची वेळही आता यायला हवी.

सुरुवात गोंदियातूनच करता येईल. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2016 पासून इथे आहे. त्याच्या विद्यार्थ्यांनी गावोगावच्या बिडी वळणाऱ्या बायांची कोटिनीन, रक्तक्षय, क्षयरोग आणि श्वसनाची तपासणी नियमित करावी आणि तिचे निष्कर्ष ग्रामसभेत वाचून दाखवावेत. बचत गटांना मोहफूल, लाख, तांदूळ यांवर प्रक्रिया करण्याची यंत्रं आणि खात्रीची बाजारपेठ द्यावी. बिडी सोडा असं या बायांना सांगण्याआधी तेवढ्याच कमाईचं दुसरं काम त्यांच्या ओसरीपर्यंत पोचवावं. तंबाखूमुक्तीच्या प्रत्येक योजनेत ओढणाऱ्याबरोबर वळणारीचं नावही लिहिलं गेलं पाहिजे.