तणांची उत्क्रांती आणि आपले द्रव्यसंग्रहण

मुस्ता, पुनर्नवा, गोक्षुर, भृंगराज, भूम्यामलकी, अपामार्ग आणि दूर्वा ही द्रव्ये आपल्या नित्य उपयोगातील आहेत. कृषिशास्त्राच्या ग्रंथांत हीच नावे तणांच्या यादीत आढळतात. ही द्रव्ये बहुधा शेते, बांध व पडीक जमिनी यांतून गोळा केली जातात. त्यामुळे वन्य वनस्पतीचे तण कसे होते, हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्रज्ञांचा राहत नाही. द्रव्याच्या शुद्धतेशी त्याचा थेट संबंध आहे.

पूर्वसिद्धता

प्रत्येक वन्य वनस्पती तण होऊ शकत नाही. अरण्याच्या छायेत सावकाश वाढणारी वनस्पती नांगरटीत टिकत नाही. याउलट पुराने धुपणारे नदीकाठ, कोसळणाऱ्या दरडी, जनावरांच्या वाटा अशा सतत उलथापालथ होणाऱ्या जागी वाढणाऱ्या वनस्पतींत काही गुण आधीच असतात. अल्प काळात फलधारणा, विपुल बीज, जमिनीत वर्षानुवर्षे सुप्त राहून टप्प्याटप्प्याने उगवणे आणि तुटलेल्या अंगापासून पुन्हा फुटणे, हे ते गुण होत. मानवाने नांगर धरला तेव्हा त्याने नकळत अशीच भूमी निर्माण केली.

मुस्ता (लव्हाळा) याचे उत्तम उदाहरण आहे. तिचे कंद जमिनीखाली माळेसारखे जोडलेले असतात व टोकाकडील कंद मागील कंदांना सहसा फुटू देत नाही. वखराने ही माळ तुटली की सुटा झालेला कंद स्वतंत्र रोप देऊ लागतो. शेतकऱ्याचे अवजारच येथे तिच्या प्रसाराचे साधन ठरते.

खुरप्याने केलेली निवड

शेतात शिरल्यानंतर खरी उत्क्रांती सुरू होते. निंदणी करणारा हात जे ओळखतो ते उपटतो. पिकासारखे दिसणारे रोप वाचते व बी धरते. हे पिढ्यानपिढ्या घडल्यास तण पिकाचे रूप घेते. आपल्या श्यामाकाच्या कुळातील एकायनोक्लोआ हे गवत चीनमधील भातशेतांत असेच बदलले. पसरट वाढ सोडून ते भाताच्या रोपाप्रमाणे उभे वाढू लागले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार हा बदल सुमारे एक हजार वर्षांपूर्वीचा आहे.

आपल्याकडील उदाहरण नीवाराचे, म्हणजे जंगली भाताचे आहे. तत्कालीन मध्यप्रांतात जंगली भात सहज ओळखून काढता यावा म्हणून जांभळ्या पानांचे भाताचे वाण लावण्यात आले. हिरवे रोप दिसले की उपटावे, अशी ती योजना होती. परंतु जंगली भाताचा लागवडीच्या भाताशी संकर होत असल्याने जांभळी तणेही निपजली आणि नेमकी तीच निंदणीतून सुटली. काही हंगामांतच त्या उपायाची धार बोथट झाली.

तणनाशकाने केलेली निवड

खुरप्याने शतके घेतली ते काम रसायन काही वर्षांत करते. पंजाब-हरियाणातील गव्हात ‘गुल्ली-डंडा’ या गवतावर आयसोप्रोट्युरॉन हे एकच तणनाशक वर्षानुवर्षे वापरले गेले. १९९० च्या दशकाच्या आरंभी त्या गवतात प्रतिकारक्षमता आढळली.

याहून बोलका पुरावा तण्डुलीयकाच्या एका अमेरिकी सगोत्र वनस्पतीचा आहे. वॉटरहेम्प ही मूळची नदीकाठची वनस्पती आज तेथील मका व सोयाबीनमधील अत्यंत त्रासदायक तण आहे. ज्युलिया क्राइनर व सहकाऱ्यांनी १८२८ पासूनच्या शंभराहून अधिक शुष्क संग्रहित नमुन्यांची आजच्या रोपांशी जनुकीय तुलना केली व ती २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केली. शेतात तगण्यास उपयुक्त जनुकभेद १९६० नंतर, शेती सघन झाल्यावर, वेगाने वाढल्याचे त्यातून दिसले. तणनाशकास दाद न देणारे बहुतेक जनुकभेद जुन्या नमुन्यांत आढळलेच नाहीत. म्हणजे नाव तेच राहिले, पण शेतातील वनस्पती बदलली.

वैद्य व औषधनिर्माते यांच्यासाठी

मजुरांच्या टंचाईमुळे महाराष्ट्रातही तणनाशकांचा वापर वाढला आहे. फवारणीनंतर शेतात जे हिरवे उरते, तेच गोळा करणाऱ्याच्या डोळ्यांत भरते. परंतु न मरणे म्हणजे निर्विष असणे नव्हे. ग्लायफोसेट पानांतून शिरून भूमिगत भागांपर्यंत पोचते. मुस्तेचा तर कंदच आपण औषधार्थ घेतो. सुश्रुताचार्यांनी भूमिप्रविभागीय अध्यायात कृमी, विष, शस्त्र इत्यादींनी उपहत न झालेले द्रव्य घ्यावे असे सांगितले आहे. त्यातील ‘विष’ या पदाचा अर्थ आज अधिक व्यापक करणे आवश्यक आहे.

यासाठी पुढील दक्षता सुचवाव्याशा वाटतात.

१. तणवर्गीय द्रव्य खरेदी करताना ते कोणत्या पिकाच्या शेतातील आहे आणि फवारणी केव्हा, कशाची झाली, याची लेखी नोंद पुरवठादाराकडून घ्यावी.

२. नोंद नसलेला माल स्वस्त असला तरी टाळावा.

३. कीटकनाशकांच्या नेहमीच्या बहु-अवशेष तपासणीत ग्लायफोसेट सापडत नाही. त्यासाठी वेगळी पद्धत लागते. त्यामुळे ‘अवशेष आढळले नाहीत’ असा अहवाल वाचताना कोणती रसायने तपासली, हे अवश्य पाहावे.

४. शक्य तेथे मुस्ता, पुनर्नवा, भूम्यामलकी यांची स्वतंत्र, फवारणीरहित लागवड करून घ्यावी. आसपासच्या शेतकऱ्यांशी थेट करार केल्यास त्यांनाही उत्पन्न मिळेल.

शेतातील तण ही मानवी हातांनी घडवलेली वनस्पती आहे. तिला औषध म्हणून स्वीकारताना त्या हातांनी काय केले, हे विचारणे हा द्रव्यपरीक्षणाचाच भाग होय.