वीज कोणी द्यायची : सरकारने की बाजाराने?

विशेष प्रतिनिधी

वीज वितरणाचे समांतर परवाने खासगी कंपन्यांना देऊ नयेत, या मागणीसाठी महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती या तिन्ही सरकारी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी जानेवारी २०२३ मध्ये ७२ तासांचा संप पुकारला होता. खासगीकरण करणार नसल्याची ग्वाही सरकारने दिल्यानंतर तो पहिल्याच दिवशी मागे घेण्यात आला. संप मिटला, त्यामागचा प्रश्न मात्र कायम आहे. वीज ही बाजारातील वस्तू मानायची की सरकारचे कर्तव्य? महाराष्ट्राने या प्रश्नाची दोन्ही उत्तरे अनुभवली आहेत.

मंडळाचा काळ

१९४८ च्या वीज पुरवठा कायद्याने राज्यांना वीज मंडळे स्थापन करण्याची तरतूद केली. त्यानुसार २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. दूरच्या वाडीवस्तीपर्यंत तारा ओढण्याचा खर्च तेथील वीजबिलांतून वसूल होत नाही, त्यामुळे खासगी कंपनी तिकडे फिरकत नाही. हे काम मंडळाने केले. कृषिपंपांना खर्चापेक्षा कमी दराने वीज द्यायची आणि तूट उद्योग व व्यापारी ग्राहकांच्या चढ्या दरांतून भरून काढायची, ही व्यवस्था त्यातूनच रुजली.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही होती. दर ठरविताना खर्चाऐवजी निवडणुकांचा विचार होऊ लागला. वीजचोरी, गळती आणि थकबाकी वाढत गेली. नव्या प्रकल्पांसाठी पैसा उरेना, तेव्हा खासगी भांडवलाकडे पाहण्यावाचून पर्याय राहिला नाही.

दाभोळचा धडा

एन्रॉन कंपनीशी १९९२ मध्ये सामंजस्य करार झाला आणि १९९३ मध्ये वीजखरेदी करार. १९९५ मध्ये युती सरकारने तो रद्द केला आणि फेरवाटाघाटीनंतर पुन्हा स्वीकारला. ७४० मेगावॉटच्या पहिल्या टप्प्यातून १९९९ मध्ये वीज मिळू लागली. ती इतकी महाग पडली, की २००१ मध्ये मंडळाने खरेदीच थांबविली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली.

दाभोळकडे मुक्त बाजाराचे अपयश म्हणून बोट दाखविले जाते. प्रत्यक्षात तेथे बाजार नव्हताच. प्रकल्प स्पर्धात्मक निविदेविना दिला गेला होता. मंडळाने वीज उचलली नाही, तरी स्थिर आकार द्यावाच लागणार होता. दर डॉलरशी निगडित होते आणि देयकांना राज्य सरकारची हमी व केंद्राची प्रतिहमी होती. नफा खासगी आणि जोखीम सरकारी, अशी ही वाटणी होती. अखेर बंद पडलेला प्रकल्प सुरू करण्यासाठी २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सार्वजनिक कंपन्यांनाच पुढे यावे लागले.

भिवंडी आणि औरंगाबाद

मंडळाचे जून २००५ मध्ये विभाजन झाले. त्यानंतर महावितरणने वेगळा प्रयोग केला. यंत्रमागांचे शहर असलेल्या भिवंडीतील वितरण जानेवारी २००७ मध्ये टोरंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून सोपविण्यात आले. तारा आणि उपकेंद्रांची मालकी महावितरणचीच राहिली. कंपनीने ठरलेल्या दराने वीज घ्यायची आणि ग्राहकांकडून वसुली करायची. गळती कमी झाली तर फायदा तिचा, वाढली तर तोटाही तिचाच. तेथील गळती पुढे मोठ्या प्रमाणावर कमी झाली आणि २०१७ मध्ये करार दहा वर्षांनी वाढविण्यात आला.

हाच प्रयोग २०११ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), जळगाव आणि नागपूर येथे झाला. औरंगाबादचा करार २०१४ मध्ये, जळगावचा त्यानंतरच्या वर्षी आणि नागपूरचा २०१९ मध्ये संपुष्टात आला. तिन्ही ठिकाणी वितरण पुन्हा महावितरणकडे आले. महावितरणची यंत्रणा हाताशी होती, म्हणूनच या शहरांत अंधार झाला नाही.

जबाबदारी कोणाची?

एकच पद्धत एका शहरात टिकली आणि तीन शहरांत टिकली नाही. मात्र चारही शहरांत एक गोष्ट समान आहे. खासगी कंपनीला व्यवसायातून बाहेर पडता येते. सरकारला जबाबदारीतून बाहेर पडता येत नाही.

समांतर परवान्यांचा विचारही याच कसोटीवर व्हायला हवा. २००३ च्या वीज कायद्याने मोठ्या ग्राहकांना पुरवठादार निवडण्याची मुभा दिली. स्पर्धेचा लाभ त्यांना मिळावा, यात गैर काही नाही. परंतु चढा दर भरणारे ग्राहक महावितरण सोडून गेले, तर कृषिपंपांच्या सवलतीचा भार उरलेल्या घरगुती ग्राहकांवर येईल किंवा सरकारी तिजोरीवर. सवलत द्यायची असेल तर राज्य सरकारने तिची रक्कम वितरण कंपनीला आगाऊ द्यावी, असे हाच कायदा सांगतो. सवलतीचा खर्च असा अर्थसंकल्पात उघडपणे मांडला गेला, तर स्पर्धा आणि सवलत एकत्र नांदू शकतात.

म्हणूनच पुढचा करार होईल तेव्हा कंपनी सरकारी की खासगी, एवढेच विचारून भागणार नाही. निविदा खुली होती का, तोटा झाल्यास तो कोण सोसणार आणि कंपनी निघून गेल्यास दुसऱ्या दिवशी वीज कोण देणार, या तीन प्रश्नांची उत्तरे ग्राहकांनी स्वाक्षऱ्या होण्यापूर्वीच मागितली पाहिजेत. दाभोळच्या वेळी ती नंतर मिळाली आणि त्यांची किंमत राज्याला मोजावी लागली.