अंगावरून वारं गेल्यावर व्यायाम कोणता? आधी माणसाला विचारा



अंगावरून वारं गेलं, म्हणजे पक्षाघात झाला, की दवाखान्यात व्यायाम दाखवतात. घरी आल्यावर पंधरा दिवस तो नीट चालतो, मग बंद पडतो. घरचे म्हणतात, "यांना करायचंच नाही." पेशंट म्हणतो, "कंटाळा येतो." कर्जत-खालापूरच्या गावांत फिरताना हा वाद बऱ्याच घरांत ऐकायला मिळतो.

हा शहरातलाच आजार आहे असं समजू नका. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. साधारण सातातला एक मृत्यू पक्षाघाताने झालेला होता. जे वाचतात, त्यांना पुढे घरातच सावरायचं असतं.

व्यायाम का?
मेंदूचा एक भाग निकामी झाला तरी उरलेला मेंदू ते काम नव्याने शिकू शकतो. त्यासाठी तीच हालचाल पुन्हा पुन्हा करावी लागते. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते. नंतरही होते, पण हळू. म्हणून रोज थोडा, पण न सोडता होणारा व्यायाम हवा. आणि मनाला पटलेलाच व्यायाम माणूस रोज करतो.

आवड वेगवेगळी असते
ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात पक्षाघात झालेल्या २३ जणांना आणि ४१ निरोगी लोकांना व्यायामाची आवड विचारली. पक्षाघात झालेल्यांना चारचौघांत, ठरलेल्या पद्धतीने आणि कोणी करून दाखवलेला व्यायाम जास्त हवा होता. आपण मात्र पेशंटला एकटं खाटेवर बसवून "हात हलव" एवढंच सांगतो.

हे चार प्रश्न विचारा
१. एकट्याने बरं वाटतं की सोबत कोणी हवं?
२. घरात की ओटीवर, अंगणात, देवळापर्यंत?
३. कोणत्या वेळी अंगात ताकद असते?
४. परत काय करता यायला हवं?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कुणाला भाकरी थापायची असते, तर पीठ मळणं हाच हाताचा व्यायाम. भजनाची आवड असेल तर टाळ धरायचा सराव. शेताची ओढ असेल तर आज अंगणात चार फेऱ्या, जमल्या की पुढे बांधापर्यंत.

पेशंट बाई असेल तर तिला हे कोणी विचारतच नाही. "आता बस आरामात, सून आहे ना," म्हणतात. ती बसूनच राहते आणि सुनेचं कामही वाढतं. तिलाही विचारा.

काळजी घ्या
• नवा व्यायाम डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारूनच सुरू करा. बीपीच्या गोळ्या बंद करू नका.
• लुळा हात ओढून उठवू नका, खांदा दुखावतो.
• चालताना लुळ्या बाजूला एक जण हवा. ओल्या जमिनीवर चालवू नका.
• छातीत दुखलं, चक्कर आली किंवा धाप लागली तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.
• तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर १०८ ला फोन करा. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने आपल्या वाडीत असा पेशंट आहे का ते बघा. दोन-तीन जण असतील तर आठवड्यातून एकदा त्यांना एकत्र बसवा. जागा आणि वेळ त्यांनाच ठरवू द्या.