काळाची यंत्रं (लेखांक 7) : गंजाच्या गोळ्यातलं नाव

गेल्या आठवड्यात डायलवरचं नाव आणि मशीनवरचं नाव यांबद्दल लिहिलं होतं. तो लेखांक वाचून वारजे माळवाडीतले एक निवृत्त शिक्षक आजोबांचं साखळीचं घड्याळ घेऊन आले. मीही वारज्यातच राहतो, त्यामुळे त्यांना फार चालावं लागलं नाही. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा हे घड्याळ पुण्याच्या नारायण पेठेतल्या वाड्यात कपाटाच्या खणात होतं. पूर ओसरल्यावर ते चिखलातून निघालं, कुणीतरी पुसून फडक्यात गुंडाळलं आणि पुढे घराबरोबर वारज्याला आलं. मागचं झाकण गंजून मिटलं ते मिटलंच. पुढच्या काचेतून मुंबईतल्या एका दुकानाचं नाव तेवढं दिसतं. "न उघडता सांगता येईल का, हे केलं कुणी?" असं त्यांनी विचारलं.

काही वेळा सांगता येतं. माझ्या माहितीतलं त्याचं सर्वांत सुंदर उदाहरण स्कॉटलंडच्या समुद्रातलं आहे.

13 सप्टेंबर 1653 ला मल बेटावरच्या ड्युअर्ट किल्ल्याखाली इंग्लंडचा सेनापती क्रॉमवेल याच्या ताफ्यातली तीन जहाजं वादळात सापडून बुडाली. त्यांतलं 'स्वान' हे लहानसं लढाऊ जहाज. त्या साली शिवाजी महाराज तेवीस वर्षांचे होते आणि स्वराज्याचं आरमार अजून पाण्यात उतरायचं होतं, एवढी ही जुनी गोष्ट. 1979 मध्ये ब्रिटिश नौदलातल्या एका पाणबुड्याला तिथे अवशेष दिसले आणि 1990 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ कॉलिन मार्टिन यांच्या देखरेखीखाली उत्खनन सुरू झालं. तळातून जे निघालं त्यात एक खिशातलं घड्याळ होतं. घड्याळ म्हणायचं ते आपण. हातात आला तो गंजाचा ओबडधोबड गोळा.

हा गोळा होतो कसा ते समजून घेण्यासारखं आहे. जुन्या घड्याळात पाट्या, त्यांना धरणारे खांब आणि चाकं पितळेची असतात. चाकांचे अक्ष आणि मुख्य स्प्रिंग पोलादाची. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि भोवती खारं पाणी, म्हणजे बॅटरीच तयार झाली. या बॅटरीत खर्ची पडतं ते पोलाद. ते विरघळत जातं, त्याचा गंज आसपासची वाळू आणि शिंपल्यांचा चुरा धरून ठेवतो आणि दगडासारखं कवच बनतं. पितळ मात्र त्या कवचात बऱ्यापैकी शाबूत राहतं. पोलादाने स्वतः संपून पितळाला वाचवलेलं असतं. कारागीर आपलं नाव कोरायचा ते पितळेच्या पाटीवर, म्हणून नाव उरण्याची आशा असते. चांदीची केस काळी पडते. सोन्याला मात्र समुद्र काही करू शकत नाही.

असा गोळा हातोडीने फोडला तर कवच आणि घड्याळ दोन्हींचा भुगा होतो. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या शास्त्रज्ञांनी तो फोडला नाही, त्याचा सीटी स्कॅन केला. दवाखान्यात रुग्ण स्थिर असतो आणि यंत्र त्याच्याभोवती फिरतं. कारखान्यात कास्टिंगमधली पोकळी शोधणाऱ्या यंत्रात बहुधा उलटं असतं: वस्तू गरगर फिरते, क्ष-किरणांचा झोत जागेवर राहतो. फिरताना हजारो छायाचित्रं घेतली जातात आणि संगणक त्यांतून वस्तूचं त्रिमित रूप उभं करतो. मग त्याचा हवा तिथे, हवा तेवढा पातळ काप पडद्यावर पाहता येतो. नाव कोरलेल्या पाटीच्या पृष्ठभागाला समांतर काप घेतला की कोरलेल्या खाचा अक्षरं होऊन समोर येतात. तशी आली : निकोलस हिगिन्सन, वेस्टमिन्स्टर. निकोलसच्या स्पेलिंगमध्ये एक 'सी' जास्त, कारण तेव्हा स्पेलिंग ठरलेलं नव्हतं. या कामाचा शोधनिबंध 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. साडेतीनशे वर्षं कुणी न वाचलेलं नाव गोळ्याला ओरखडाही न पाडता वाचलं गेलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण नाव वाचलं म्हणजे कारागीर सापडला असं होत नाही. खरं काम तिथून पुढे सुरू होतं, आणि घाई होते ती इथेच. नाव मालकाचं असू शकतं, विक्रेत्याचं असू शकतं, चक्क खोटंही असू शकतं. अठराव्या शतकात लंडनच्या घड्याळांना एवढा भाव होता की युरोपात बनलेल्या घड्याळांवर लंडनची नावं सर्रास कोरली जात. ती ओळखायची एक खूण सांगतो. डोलणाऱ्या चक्राला, म्हणजे बॅलन्सला, वरून धरणारा जो नक्षीदार तुकडा असतो तो अस्सल इंग्रजी घड्याळात एकाच बाजूला स्क्रूने बसवलेला असतो. युरोपीय घड्याळात तो पुलासारखा दोन्ही बाजूंना टेकतो. नाव लंडनचं आणि पूल दोन्ही काठांना, तर नावावर विश्वास ठेवू नये. त्या पुलाला खोटं बोलता येत नाही.

हिगिन्सनच्या घड्याळाच्या बाबतीत जहाजच मोठा साक्षीदार आहे. 1653 च्या सप्टेंबरनंतरचं काहीही त्या तळात नाही, म्हणजे घड्याळ त्याआधीचंच. लंडनच्या घड्याळजींच्या संघाला 1631 मध्ये राजाची सनद मिळाली होती आणि तेव्हापासून उस्ताद कोण, शिकाऊ कोण याच्या नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या. नाव, गाव आणि काळ, तिन्ही एका रेषेत यावे लागतात. तरीही ते घड्याळ हिगिन्सनच्या हातांनी बनलं की त्याच्या दुकानातल्या पोरांच्या, हे पाटी सांगत नाही. ती सांगते, कामाची जबाबदारी कुणी घेतली.

आपल्या किनाऱ्यावर घाई न करण्याचा हाच धडा घड्याळाने नाही, कौलांनी दिला आहे. गोव्याजवळच्या सेंट जॉर्ज रीफवर दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला एका बुडालेल्या जहाजाचा माल सापडला : कौलं, मातीच्या खांबांचे भाजलेले तुकडे. त्यांवर बनवणाऱ्याचा ठसा होता, 'बासेल मिशन टाइल वर्क्स 1865'. मंगळूरची कौलं आपल्या कोकणातल्या किती घरांवर होती, हे वेगळं सांगायला नको. बनवणारा क्षणात कळला. पण कुणी म्हणेल जहाज 1865 मध्ये बुडालं, तर ते चूक. 1865 हे मंगळूरच्या त्या कारखान्याच्या स्थापनेचं साल, कौल भाजल्याचं नाही. त्यावरून ठरतं ते एवढंच की जहाज त्या सालाआधी बुडालेलं नाही. 'स्वान'मध्ये जहाजाची तारीख वस्तूला वरची मर्यादा घालते, गोव्यात वस्तूवरचं साल जहाजाला खालची.

आता माळवाडीचं घड्याळ. ते गोड्या पाण्यात आणि गाळात बुडालं, समुद्रात नाही, म्हणून गोळा झाला नाही. दुकानाचं नाव आम्ही बाजूला ठेवलं. कडीशेजारी, गळ्यावर, भिंगाखाली .935 हा बारीक आकडा सापडला. इंग्रजी चांदी हजारात 925 भाग शुद्ध असावी लागे. डाग देताना मिसळणाऱ्या धातूमुळे केस इंग्लंडच्या तपासणीत कमी भरू नये, म्हणून स्विस कारखाने 935 ची चांदी वापरत. म्हणजे केस बहुधा स्विस, आणि ती ब्रिटिश बाजारासाठीची. त्यातलं मशीन कुणाचं, ते मशीनच सांगेल, आणि त्यासाठी झाकण उघडावं लागेल. शिक्षकांना मी तसंच सांगितलं. त्यांनी ते गंजलेल्या वस्तू हाताळणाऱ्या माणसाकडे न्यायचं ठरवलं आहे.

पुण्यात पानशेतच्या पुरातून निघालेली घड्याळं अजून पुष्कळ घरांत असतील. ती असतील तर चावी देऊ नका, तेल सोडू नका, सुरीने झाकण उचकटू नका. गळा, कडी आणि केसची कड भिंगाखाली पाहा, दिसेल तो ठसा कागदावर उतरवून ठेवा. आणि कोकणात कुणाच्या जाळ्यात गंजाचा असा गोळा आला, तर तो वाळवू नका. सुकताना आतलं मीठ खडे धरतं आणि वस्तू आतून फुटते. पाण्यातच ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.