डोक्यावरील लहान दंश : निदान, उपचार आणि नोंद

दिल्ली राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील भटक्या कुत्र्यांचा प्रश्न २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ही कुत्री निवारागृहांत हलविण्याचा आदेश ११ ऑगस्ट रोजी देण्यात आला. २२ ऑगस्ट रोजी त्रिसदस्यीय खंडपीठाने तो बदलला आणि रेबीजबाधित व आक्रमक कुत्री वगळता इतरांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्याचे निर्देश दिले. या वादात कुत्र्यांच्या संख्येची चर्चा पुष्कळ झाली. चावा घेतलेल्या व्यक्तीच्या केसपेपरवर काय लिहिले जाते, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

लहान मुलाचे डोके कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येते. त्यामुळे मुलांमध्ये डोके, चेहरा व मान या भागांवरील दंश अधिक आढळतात. केसांखालील दाताची खूण सहज नजरेतून सुटते. म्हणून संपूर्ण डोके केस बाजूला सारून तपासावे लागते. अर्भकांची कवटी पातळ असते आणि वरून किरकोळ दिसणारे छिद्र हाडापर्यंत गेलेले असू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेने प्राणिसंपर्काच्या तीन श्रेणी केल्या आहेत. अखंड त्वचेला केवळ चाटणे ही पहिली, रक्तस्राव न होणारे ओरखडे ही दुसरी आणि त्वचा भेदणारा दंश ही तिसरी. डोके, चेहरा व मान येथील दंश मात्र तिसऱ्या श्रेणीतच धरला जातो. रेबीजचा विषाणू मज्जातंतूंमार्गे मेंदूकडे सरकतो. डोक्यावर मज्जातंतूंचे जाळे दाट असते आणि मेंदूपर्यंतचे अंतर अगदी थोडे. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. जखमेचा आकार येथे गौण आहे.

उपचाराची पहिली पायरी सर्वांत स्वस्त होय : साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुणे. त्यानंतर जंतुनाशक, आवश्यकतेनुसार धनुर्वाताची लस व प्रतिजैविके आणि रेबीजप्रतिबंधक लस. त्वचेत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घेतली जाते. स्नायूतील इंजेक्शनांपेक्षा तिला लसद्रव्य कमी लागते. लसीमुळे शरीरात प्रतिपिंडे तयार होण्यास काही दिवस लागतात. तोवरच्या संरक्षणासाठी तिसऱ्या श्रेणीत जखमेत व तिच्याभोवती रेबीज इम्युनोग्लोब्युलिन टोचतात. टाके शक्यतो टाळतात. चेहऱ्यावर घालावेच लागले, तर इम्युनोग्लोब्युलिननंतर आणि सैलसर. हे औषध महाग, तसेच पुरवठाही मर्यादित. जखमेपुरतीच मात्रा द्यावी, उरलेली अन्यत्र टोचण्याची गरज नाही, ही संघटनेची २०१८ ची शिफारस आर्थिकदृष्ट्या म्हणूनच मोलाची ठरते.

नोंदीचा प्रश्न येथून सुरू होतो. आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत डोक्याच्या उघड्या जखमेला एस ०१ आणि वरवरच्या इजेला एस ०० हा संकेतांक आहे. या दोहोंत कुत्रा कोठेही नाही! तो येतो डब्ल्यू ५४ या बाह्य कारणाच्या संकेतांकात. माकड वा मांजर चावल्यास डब्ल्यू ५५. रेबीजचा संभाव्य संसर्ग झेड २०.३ ने दर्शविला जातो. हे तिन्ही एकत्र लिहिले तरच पूर्ण चित्र उभे राहते. केवळ एस ०१ लिहिल्यास कुत्र्याचा दंश आणि पायरीवरून पडणे यांत फरक उरत नाही. शिवाय किरकोळ दंशाचा रुग्ण बाह्यरुग्ण विभागातूनच घरी जातो. आपल्याकडे संकेतांकन प्रामुख्याने दाखल रुग्णांपुरते चालते.

याची किंमत आकड्यांत दिसते. २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना आणि रेबीजचे ५४ संशयित मृत्यू नोंदले गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२२-२३ च्या घरोघरी पाहणीवरून काढलेला वार्षिक अंदाज मात्र ९१ लाख प्राणिदंश, त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश कुत्र्यांचे, आणि ५,७२६ मृत्यू असा आहे. दंश झालेल्यांपैकी सुमारे एक-पंचमांश व्यक्तींनी लस घेतलीच नव्हती. अंदाज आणि नोंद यांतील ही तफावत केवळ लोक दवाखान्यात न आल्याने पडते असे मानणे घाईचे होईल.

दिल्लीचा २०२४ चा संसदेत दिलेला आकडा २५,२१० आहे. त्यात तिसऱ्या श्रेणीचे दंश किती, हे या एका संख्येवरून कळत नाही. इम्युनोग्लोब्युलिनची मागणी नोंदविणाऱ्या भांडारपालास नेमके तेवढेच हवे असते.