चूक बोटाची की बोर्डाची?

घरी पाहुणे आले की आई म्हणते, "अरे, जरा पंखा लाव." तुम्ही बोर्डावरचं एक बटण दाबता, तर लागते ट्यूबलाईट. दुसरं दाबता, तर लागलेला दिवाच जातो! चौथ्या खेपेला पंखा फिरतो आणि कुणीतरी म्हणतंच, "स्वतःच्या घरातली बटणं कळत नाहीत का रे?"

पण चूक खरंच तुमची आहे का? बोर्ड नीट बघा बरं. पाच-सहा बटणं, सगळी एका रंगाची, एका मापाची, एका ओळीत. कोणतं कशाचं, हे बोर्ड सांगतच नाही. ते पाठ करावं लागतं! दिसायला टापटीप, वापरायला कोडं.

असाच बोर्ड एखाद्या यंत्रावर असता तर? नाशिकमधल्या अंबड औद्योगिक वसाहतीत विजेची उपकरणं आणि यंत्रांचे सुटे भाग तयार होतात. अशा कारखान्यांतल्या मशीनवर संकटकाळी दाबायचं बटण वेगळंच असतं. पिवळ्या रंगावर लालभडक आणि छत्रीसारखं फुगीर! घाबरलेल्या माणसाला नेमकं बटण शोधत बसायला वेळ नसतो. नुसती तळहाताची थाप मारली तरी मशीन थांबतं. तिथे "चौथ्या खेपेला" चालत नाही. कामगाराच्या हाताचा प्रश्न असतो!

हे शहाणपण माणसाला महाग पडलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं धावपट्टीवर सुखरूप उतरत आणि मग वैमानिक चुकून चाकंच वर घेत! विमान पोटावर आपटे. अल्फॉन्स चॅपनिस या मानसशास्त्रज्ञाने विमानात डोकावून पाहिलं. चाकांचा खटका आणि पंखांच्या झडपांचा खटका शेजारी-शेजारी होते, दिसायलाही सारखेच. त्याने एकावर छोटंसं चाक बसवलं आणि दुसऱ्यावर पाचर. आता न बघताही हाताला फरक कळू लागला. आजही विमानात चाकांच्या दांड्याची मूठ चाकाच्या आकाराची असते.

मग आपल्या बोर्डाचं काय? रात्री अंधारात चष्म्याशिवाय दिवा शोधणाऱ्या आजीला तो किती त्रास देतो! एक करा. बोर्ड मात्र उघडायचा नाही हं, ते वायरमनचं काम. कोरड्या हातांनी प्रत्येक बटणाच्या वर छोटं चित्र चिकटवा : पंखा, दिवा, टीव्ही. आजीच्या दिव्याच्या बटणावर एक जाडसर टिकली लावा, म्हणजे तिला नुसतं चाचपून कळेल. आणि घरात नवं वायरिंग होणार असेल, तर वायरमनकाकांना आधीच सांगा, "खोलीत डावीकडून उजवीकडे जे ज्या क्रमाने आहे, त्याच क्रमाने बटणं बसवा."

आणि हो, यापुढे कुणी चुकीचं बटण दाबलं तर त्याला हसू नका. आधी बोर्डाकडे बघा!