पैनगंगेचा उतार

हिंगोलीहून वाशीमला जाताना कनेरगाव नाक्यापुढे पैनगंगा लागते. सप्टेंबर 1948 पर्यंत अलीकडे निजामाचे राज्य होते, पलीकडे वऱ्हाड. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार.

परवा लेकीला घेऊन नदीकाठी उतरलो. आमची आजी पावसाळ्यात नावेने नदी उतरून वऱ्हाडात निंदायला जाई. नावेत तिने सर्वांत शेवटी चढायचे. उतराईचा पैसा नावाडी हातात घेत नसे. फळीवर ठेवायला लावी.

लेकीने विचारले, "आणि नाव बुडाली असती तर?"

"तर सगळ्यांनी एकमेकांचा हात धरला असता."

आज पुलावरून एसटी जाते, शेजारी कोण बसला हे कोणी विचारत नाही. वाचकहो, मुलाबाळांना एकदा असा घाट दाखवा आणि आजीची उतराईही सांगा.